एकट्याने उतरवलेलं विमान

आकाश एवढं मोठं आणि मोकळं असताना त्यात आपलंच विमान हरवतं कसं, हे मी सरांना सुरुवातीच्या एका रविवारीच विचारलं होतं. ते म्हणाले, "सगळ्यांचं हरवतं हो. डोळ्यांना सवय नसते." मला ते उत्तर फार आवडलं. सवय नसणं हा काही दोष नव्हे, सवय लावून घेता येते. पुढचं जवळजवळ वर्षभर मी त्या एका वाक्यावर काढलं.

तेव्हा मी नुकताच घरी बसलो होतो. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत मी ड्राफ्ट्समन होतो. बॉयलर, टाक्या, पाइपांच्या जोडण्या हे सगळं आधी कागदावर आणि मग कॉम्प्युटरवर काढण्यात माझा जन्म गेला. रेषा संपली की माझं काम संपलं. ती टाकी पुढे उभी राहिली की नाही, तिच्यात काय उकळलं, हे मला कुणी दाखवलं नाही आणि मीही बघायला गेलो नाही. कंपनी गुजरातेत हलली तेव्हा साहेब तोंडाने "चला की आमच्याबरोबर" म्हणत होते आणि मनातून माझ्या नकाराची वाट बघत होते. मी त्यांना फार ताटकळत ठेवलं नाही.

बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, तीही निवृत्त झालेली. मुलगी लग्न होऊन बंगलोरला. घरात आम्ही दोघं आणि टीव्ही. मी दिवसभर भाजीवाल्याच्या वजनकाट्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांच्या चुका काढत फिरायचो. बायको म्हणायची, "अहो, कंपनी बंद झालीय तुमची, तपासणी बंद करा आता."

फंडाच्या कामासाठी एकदा ठाण्याला गेलो होतो. ऑफिसातल्या माणसाने नेहमीप्रमाणे "जेवणानंतर या" सांगितलं. मी वैतागून जवळच्या एका कॉलेजच्या कुंपणाला टेकून उभा राहिलो. आत मैदानावर एक पांढरं विमान घिरट्या घालत होतं. पंखांची लांबी माणसाने दोन्ही हात पसरावेत एवढी. एक वयस्कर गृहस्थ गळ्यात रिमोट अडकवून उभे होते. त्यांनी विमान मैदानाच्या टोकापर्यंत लांब नेलं, सावकाश वळवलं, मोटरचा आवाज हळूहळू कमी केला आणि ते विमान गवतावर असं बसलं, जसं कुणी झोपलेलं मूल गादीवर ठेवावं. मी जेवणानंतर ऑफिसात गेलोच नाही.

हे गृहस्थ म्हणजेच सर. त्याच कॉलेजात पोरांना विमानं बनवायला आणि उडवायला शिकवून निवृत्त झालेले. मी कुंपणाच्या बाहेरूनच विचारलं, मला शिकवाल का. त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "उडवायला शिकायचंय की उतरवायला?" मी म्हटलं, उतरवायला. ते म्हणाले, "मग या."

मला खरोखर तेवढंच हवं होतं. हवेत असलेली एक वस्तू आपल्या एकट्याच्या हाताने सुखरूप जमिनीवर आणायची. आयुष्यात कागदाच्या बाहेरची एक तरी गोष्ट मी पूर्ण केली, असं स्वतःला सांगता यावं म्हणून. हसण्यासारखं आहे, मला कल्पना आहे. पण साठीच्या उंबरठ्यावर माणसाला जे हवं असतं, त्यातलं बरंचसं हसण्यासारखंच असतं.

सरांचं मैदान मोहने गावाच्या पुढे होतं. रेयॉनच्या जुन्या कारखान्याच्या चिमण्या मागे टाकल्या की नदीकाठची शेतं लागतात, त्यातलंच एक. आजूबाजूला विजेच्या तारा नाहीत, रहदारी नाही, आणि तिथे उडवायला हरकत नाही याची चौकशी सरांनी स्वतः आधी केलेली. शेताचा मालक आगरी, चाळिशीचा, गळ्यात जाड चेन, आवाज असा की पलीकडच्या गावात ऐकू जावा. भात कापून झाला की तो त्या शेतात टेनिस बॉलच्या क्रिकेटच्या स्पर्धा भरवायचा. मधोमध माती भिजवून, रोलर फिरवून पिच केलेलं. तेच आम्ही धावपट्टीसारखं वापरायचो. त्याची अट एकच होती, पिचवर चपला घालून पाय ठेवायचा नाही. चपला बांधाजवळ काढायच्या आणि अनवाणी आत जायचं. गावात हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्या पिचची पूजा होते, नारळ फुटतो, तिथे चपला घालून कोण जाईल?

सरांनी त्या अटीतून सुरक्षिततेचा नियम काढला होता. आम्ही पिचच्या बाजूला एक दोरी बांधून तिच्या मागे उभे राहून उडवायचो. उडवण्यापूर्वी आणि उतरवण्यापूर्वी शिकणाऱ्याने बांधाकडे बघायचं. तिथे चपला दिसल्या, तर पिचवर कुणीतरी आहे. नसल्या, तर पूर्ण मैदानावरून नजर फिरवून मोठ्याने ओरडायचं, "मैदान मोकळं!" त्याशिवाय सर पुढे जाऊ द्यायचे नाहीत. मला पहिले काही आठवडे ओरडायची लाज वाटली. सर म्हणाले, "लाज वाटत असेल तर कॅरम खेळा."

बाकी नियमही त्यांनी असेच डोक्यात बसवले. आधी हातातला रिमोट चालू, मग विमानाची बॅटरी जोडायची. बंद करताना उलटं. नाहीतर विमान स्वतःच्या मनाने पंखा फिरवून अंगावर येतं. पंख्याच्या समोर हात न्यायचा नाही, कारण तो मिक्सरच्या पात्याला लाजवील असा असतो. सूर्य पाठीशी ठेवायचा. माणसांच्या, गुरांच्या डोक्यावरून न्यायचं नाही. बॅटरी चार्जिंगला लावून बाजारात जायचं नाही. आणि विमान जेव्हा तोंड करून आपल्याकडे येतं, तेव्हा डाव्याचं उजवं होतं, तिथे नवशिका हमखास आपटतो. त्यावर त्यांनी युक्ती सांगितली, ज्या बाजूचा पंख खाली गेलाय त्या बाजूला रिमोटची दांडी ढकला. मी लगेच घरी जाऊन तिन्ही बाजूंनी विमानाचं चित्र काढून भिंतीला लावलं. चित्र काढण्यात मी कुणाला हार जाणार नव्हतो.

शिकताना दोन रिमोट असतात, एक सरांच्या हातात, एक माझ्या. दोन्ही बिनतारी जोडलेले. सरांनी त्यांच्या रिमोटवरचं एक बटण दाबून धरलं की विमान माझं, सोडलं की त्यांचं. माझं काही चुकलं की ते "माझं!" म्हणायचे आणि बटण सोडायचे. विमान सरळ व्हायचं. ज्या दिवशी तुम्ही उडवाल, फेऱ्या माराल आणि उतरवाल आणि त्या पूर्ण वेळात मी बटण सोडणार नाही, त्या दिवशी तुम्ही एकट्याने उतरवलं असं मी म्हणेन, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

हात चांगला बसला. वळवणं जमलं, उंची राखणं जमलं. फक्त विमान हरवायचं. मी बघत असताना ते अगदी स्वच्छ दिसायचं, पण क्षणभर खाली बघितलं, कुणाशी एक शब्द बोललो, की परत वर बघताना आभाळ रिकामं. "सर, गेलं!" "माझं!" असं दर रविवारी. आम्ही काय काय केलं नाही. पंखाला खालून नारिंगी पट्टी चिकटवली. वरून काळी. मी टोपी बदलली, गॉगल बदलला. सरांनी विमान जवळच ठेवायला सांगितलं. मी जवळ ठेवलं, तिथेही हरवलं.

घरीही त्याच दरम्यान माझा दाराच्या चौकटीशी नवा वाद सुरू झाला होता. खांदा आपटायचा. ओट्याच्या कडेचा चहाचा कप हाताला लागून पडायचा. रस्त्यात माणसं अंगावर येऊन आदळायची आणि वर मलाच म्हणायची, "काका, बघून चला ना." डोंबिवलीच्या फुटपाथवर माणसाला माणूस आपटणारच, आणि हल्लीच्या पोरांना वळण नाहीच. माझ्याकडे सगळ्याची उत्तरं तयार असायची. बायको म्हणायची, "अहो, तुमचं लक्ष कुठे असतं?" मी म्हणायचो, "विमानात."

मग तो रविवार आला. दुसऱ्या दिवशीपासून गावची स्पर्धा होती, म्हणून आम्हाला लवकर आटपायचं होतं. वारा पडलेला. मी उड्डाण केलं, फेऱ्या मारल्या, एकदाही विमान हरवलं नाही. आज होणार, असं मला आतून वाटत होतं. मी बांधाकडे बघितलं. मैदानावरून नजर फिरवली. छाती भरून ओरडलो, "मैदान मोकळं!" आणि विमान लांबून वळवून पिचच्या रेषेत आणलं. मोटर हळूहळू उतरवत होतो. त्या कॉलेजच्या मैदानावर पाहिलं होतं, अगदी तसंच ते येत होतं.

"माझं!" सर किंचाळले. विमान एकदम नाक वर करून उडालं आणि आमच्या डोक्याच्या बाजूने वर गेलं.

माझा पारा चढला. "अहो सर, इतकं सुंदर उतरत होतं! का घेतलंत?"

"आजी दिसल्या नाहीत तुम्हाला?"

"कुठल्या आजी?"

सरांनी विमान फिरवून पलीकडे गवतात उतरवलं. मी रिकाम्या पिचकडे बघत उभा होतो. तेवढ्यात माझ्या उजव्या हाताकडून आवाज आला, "आरं, मी कवापासून आठंच उबी हाय. मना नाय बगलास कं?"

मी मान वळवली. मालकाची आई. लाल लुगडं, हातात पूजेचं ताट. पिचच्या आमच्याकडच्या टोकाला, इतक्या जवळ की मी चार पावलं चाललो असतो तर तिला शिवलो असतो. पूजेला आलेली, म्हणून अनवाणी. तिच्या चपला बांधाजवळ नीट जोडीने ठेवलेल्या होत्या. सरांनी मला त्या बोटाने दाखवल्या, तेव्हा दिसल्या.

मालक धावत आला. मला वाटलं, आता आपली काही धडगत नाही. पण त्याने आईला नीट बघितलं, तिच्या हातातलं ताट घेतलं आणि मला म्हणाला, "काका, बसा जरा. पाणी प्या. तुम्ही पांढरे पडलाव." म्हातारी उलट हसत होती. तिला विमान जवळून बघायला मिळालं होतं.

सर मात्र हसत नव्हते. त्यांनी मला उभं केलं आणि समोर लांबच्या एका ताडाकडे बघायला सांगितलं. "मान हलवायची नाही. माझा हात दिसला की सांगा." मग ते माझ्या पाठीमागून बाजूने हळूहळू पुढे येऊ लागले. मी ताडाकडे बघत वाट बघत होतो. मला वाटलं, ते अजून निघालेच नाहीत. शेवटी म्हटलं, "आता दिसला." त्यांनी हात तिथेच धरून ठेवला आणि म्हणाले, "बघा आता." हात जवळजवळ माझ्या नाकासमोर होता.

ठाण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एक यंत्र होतं. एका पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं, मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि कडेला कुठेही बारीक दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. मी इमानदारीने दाबत होतो. मधेच बराच वेळ काहीच लागलं नाही. मी विचारलं, "मॅडम, मशीन थांबलंय का?" ती मुलगी म्हणाली, "नाही सर, चालू आहे." माझ्या हातातलं बटण तसंच होतं आणि कुठेतरी ते दिवे लागत होते.

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत. कडेचं बरंचसं गेलेलं. डॉक्टर म्हणाले, हा दुखत नाही, म्हणून उशिरा कळतो. गेलंय ते परत येत नाही, आहे ते थेंबांनी सांभाळायचं. सांभाळलं जाईल का, असं बायकोने विचारलं. डॉक्टरांनी दुसऱ्या कागदावर थेंबांची नावं लिहायला घेतली.

त्यानंतर मी कसा होतो ते नीट सांगता येत नाही. रडलो वगैरे नाही. मला फक्त कशाचाच भरवसा वाटेना. समोर भिंत दिसतेय, तर तिच्या बाजूला काय आहे ते कुणाला ठाऊक. इतकी वर्षं मी जगाचे नकाशे काढत होतो आणि माझंच जग कडेने खोडलं जात होतं, मला पत्ता नाही. स्कूटर विकली नाही, पण किल्ली बायकोच्या पर्समध्ये गेली. तिने या वयात ती चालवायला शिकून घेतली आणि मी मागे बसायला लागलो. रात्री आजींचं लाल लुगडं डोळ्यांसमोर यायचं. सरांनी बटण सोडलं नसतं तर, इथपर्यंत मी यायचो आणि उठून दिवा लावायचो.

काही महिन्यांनी बायकोच म्हणाली, "चला, मैदानावर जाऊन येऊ."

"कशाला? कुणाला मारायला?"

"मी येते ना बरोबर. तुम्ही विमान बघा, बाकीचं मी बघते."

सरांनी ऐकून घेतलं. विमान उडवणाऱ्यांत यासाठी एक पद्धत होती. उडवणाऱ्याच्या शेजारी एक दुसरा माणूस उभा राहतो, आजूबाजूचं बघतो आणि बोलत राहतो. पण मला त्यांनी स्पष्ट सांगितलं, "बटण कायम माझ्याकडे. तुम्ही एकटे कधीच उडवणार नाही. कबूल?" मी कबूल म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

बायको माझ्या उजवीकडे उभी राहायची, सर डावीकडे. मला दोघंही दिसायचे नाहीत, फक्त ऐकू यायचे. तिला डावं-उजवं म्हणायला सांगितलं, तर ती स्वतःचं डावं-उजवं सांगायची आणि मग आमची जुंपायची. शेवटी तिने स्वतःची भाषा काढली. "नदीकडे जातंय. चिमण्यांकडे वळवा. जरा ताडाकडे. बस, बस." शाळेत शुद्धलेखन घालावं तशा खणखणीत आवाजात ती सांगायची, चाकं जमिनीला टेकेपर्यंत एक क्षण थांबायची नाही. पलीकडे गुरं राखणाऱ्या बाया हसायच्या. मला त्याचं काही वाटायचं नाही. खरं सांगायचं तर त्या थंडीतले ते रविवार बरे गेले. पण दर वेळी उतरताना कुठेतरी "माझं!" यायचंच. कधी मला विमान सापडायचं नाही, कधी सापडायला उशीर व्हायचा.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी त्या यंत्राचे आधीचा आणि आताचा असे दोन्ही कागद शेजारी ठेवले. थेंब वेळच्या वेळी घालूनही कागदावरचं काळं, म्हणजे मला न दिसणारं, वाढलं होतं. डाव्या डोळ्यात ते आता मधल्या ठिपक्याच्या जवळ आलं होतं. ऑपरेशन करू, पण त्याने फक्त वेग कमी होईल, असं ते म्हणाले. बाहेर आल्यावर मी बायकोला म्हटलं, "मला एकदा एकट्याने उतरवायचं होतं गं. एकदाच. नंतर मी कधी विमानाचं नाव काढलं नसतं." तिने रिक्षाला हात केला. त्या संध्याकाळी ती बाल्कनीत जाऊन कुणाशी तरी बराच वेळ फोनवर बोलत होती. मुलगी असेल, असं मला वाटलं.

रविवारी सर म्हणाले, "आज एकट्याने."

मी म्हटलं, "थट्टा करू नका."

"थट्टा नाही. मैदान रिकामं आहे. मालक बांधावर उभा आहे, कुणाला आत सोडणार नाही. तुमच्या हाताच्या सवयीचा रिमोट आहे, तोच धरा. मी बटण दाबून त्यावर चिकटपट्टी लावलीय. आता विमान तुमचं. मी हात मागे बांधून उभा राहतो."

मी बांधाकडे मान वळवून बघितलं, मैदानावरून डोकं गोल फिरवून बघितलं, कारण आता मला डोळ्यांनी नाही, मानेनेच बघावं लागतं. "मैदान मोकळं!" ओरडलो. बायकोने तिच्या बाजूने ओरडून होकार दिला. विमान उडालं.

आकाशात ते मला एका नळीच्या टोकाशी असल्यासारखं दिसत होतं, पण दिसत होतं. मी ते सोडलं नाही. "नदीकडे," ती म्हणाली. मी ढकललं, ते गेलं. "आता चिमण्यांकडे." गेलं. दोन फेऱ्या झाल्या. मी लांबून वळवलं, पिचच्या रेषेत आणलं. आणि मग माझ्या लक्षात आलं की बायको बोलत नाहीये. ती कधीही गप्प राहत नाही. मला वाटलं, भावना दाटून आल्या असतील.

मी मोटरची दांडी खाली ओढली. आवाज तसाच राहिला. मी ती पार शून्यावर नेली. मोटर एका सुरात चालूच होती, अगदी हवी तेवढी, आणि थोड्या वेळाने, माझ्या दांडीशी काही संबंध नसल्यासारखी, सावकाश कमी होऊ लागली.

माझ्या डावीकडे, सर उभे असतात तिथे, काय आहे ते मला दिसत नाही. दिसलं असतं तरी मी मान वळवली नसती.

मी दोन्ही अंगठे दांड्यांवरून उचलले. विमानाने नाक किंचित वर केलं, पिचवर हलकेच टेकलं, थोडं धावलं आणि थांबलं. इतकं सुंदर मी त्याला कधीच उतरताना पाहिलं नव्हतं.

टाळ्या पडल्या. मालक शिट्टी मारून "काका, एक नंबर!" म्हणून ओरडला. बायकोने माझा दंड घट्ट धरला आणि ती रडत होती. सर समोर आले, माझा हात हातात घेऊन म्हणाले, "झालं." त्यांचा हात घामाने भिजलेला होता.

रागवायचं कुणावर? विमानाचा ताबा खरोखर माझ्याकडे देणं म्हणजे सरांनी आयुष्यभर शिकवलेलं सगळं मोडणं होतं. त्यांनी केलं ते बरोबरच होतं, त्यांच्याच नियमाने. त्या संध्याकाळी फोनवर बायकोने त्यांच्याकडे काय मागितलं असेल आणि ते मागताना तिला काय वाटलं असेल, हेही मला कळतं. मला सगळं कळतं, म्हणूनच काही बोलता येत नाही. परतताना स्कूटर चालवत तिने मागे न वळता विचारलं, "आता झालं ना मनासारखं?" मी म्हटलं, "हो."

त्यानंतर मी मैदानावर गेलो नाही. बोललो होतो तसं विमानाचं नावही काढलं नाही. ऑपरेशन झालं. काठी आली. घरी पाहुणे आले की बायको त्यांना कौतुकाने सांगते, की ह्यांनी डोळ्यांची अशी अवस्था असताना विमान एकट्याने उतरवलं, मी स्वतः शेजारी उभी होते. पाहुणे माझ्याकडे वळून विचारतात, कसं हो उतरवलंत? मग मी त्यांना सांगतो. वारा कुठून होता, कुठे वळवलं, मोटर कधी कमी केली, सगळं तपशिलाने सांगतो, आणि ती ऐकत बसलेली असते.